एक लन, दोन सर्व्हर आणि गायब झालेलं फुटेज

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकाच विषयावरची निघाली: दोन सर्व्हरना मिळून एकच डिस्क कशी द्यायची. एक-दोघांनी देऊन झाल्यावर विचारलंय. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : आमचा कोल्हापुरात व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. लग्नं, छोटे माहितीपट असं काम असतं. एक नॅस बॉक्स (नेटवर्कवरचं स्टोरेज) घेतला, त्यावर १६ टीबीची आयस्कझी लन (नेटवर्कवरून जोडायची डिस्क) तयार केली आणि दोन लिनक्स मशीनना जोडली. एका मशीनवर कॅमेऱ्याची कार्डं उतरवतो, दुसऱ्यावर रेंडर करतो. दोन्हीकडे ईएक्सटी४ करून माउंट केलं. पहिल्या दिवशी मस्त चाललं. नंतर असं व्हायला लागलं की पहिल्या मशीनवर टाकलेलं फुटेज दुसऱ्यावर दिसतच नाही. अनमाउंट करून परत माउंट केलं की दिसतं. कालपासून काही क्लिप उघडत नाहीयेत आणि एका फोल्डरचं नाव विचित्र दिसतंय. केबल खराब असेल का?

उत्तर : केबल ठणठणीत आहे. पुढचं वाचण्याआधी दोन्ही मशीनवरची ती डिस्क अनमाउंट करा आणि कार्डं फॉरमॅट करायला कुणाच्या हातात दिली असतील तर ती परत मागवा. मी थांबते.

झालं? आता नेमकं काय बिघडलं ते सांगते.

आयस्कझीवरून नॅस तुम्हाला फायली देत नाही. देतो ते नुसते ब्लॉक, म्हणजे कोऱ्या पानांचा गठ्ठा. कुठल्या पानावर काय लिहायचं, कुठलं पान रिकामं, हे तुमच्या मशीनवरची फाइल सिस्टिम ठरवते. आणि ईएक्सटी४ काय, एक्सएफएस काय, या फाइल सिस्टिम एकच गोष्ट गृहीत धरून लिहिलेल्या आहेत: या डिस्कचा मालक मी एकटाच. म्हणून त्या फोल्डरांची यादी आणि रिकाम्या ब्लॉकचा नकाशा स्वतःच्या मेमरीत धरून बसतात आणि दर वेळी डिस्कवर जाऊन खात्री करत नाहीत. करतील कशाला? दुसरं कुणी लिहीतच नाहीये, असं त्यांना वाटतं.

आता एका गावाला दोन तलाठी नेमलेत असं समजा. दप्तर एकच. पण दोघांनी सकाळी येऊन सातबाऱ्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि दिवसभर आपापल्या झेरॉक्सवर काम केलं. गट नंबर ११२ मोकळा, असं दोघांच्याही कागदावर दिसतंय. पहिल्याने तो एकाच्या नावे लावला, दुसऱ्याने दुसऱ्याच्या. संध्याकाळी दोघांनी मूळ दप्तरात नोंदी उतरवल्या. ज्याने मागाहून उतरवली त्याची शाई वर राहिली. तुमच्या न उघडणाऱ्या क्लिपच्या पोटात आज बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी लग्नातले तुकडे आहेत.

तुम्ही पुढच्या पत्रात विचारालच, म्हणून आत्ताच लिहिते: दुसऱ्या मशीनवर फक्त रीड-ओन्ली माउंट केलं तर चालेल का? नाही चालणार. एक तर त्याच्याकडची झेरॉक्स शिळी होतच राहणार. दुसरं म्हणजे ईएक्सटी४ला जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवायच्या वहीत) अर्धवट राहिलेल्या नोंदी दिसल्या, तर रीड-ओन्ली माउंट करतानाही ते त्या नोंदी डिस्कवर उतरवतं. म्हणजे नुसतं बघायला आलेला पाहुणाही दप्तरात लिहून जातो.

वाचवण्याचं म्हणाल तर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हा शब्द कुणी तुमच्या कानावर घातला असेल, थेट तो चालवू नका. आधी नॅसवर त्या लनचा स्नॅपशॉट घ्या किंवा जागा असेल तर पूर्ण प्रत काढा. मग एकाच मशीनवर फाइल सिस्टिम तपासणी 'नुसतं दाखव, बदलू नको' या पर्यायाने चालवा. चुकांची यादी दोन पानी आली तर दुरुस्ती करून बघा. संपायचं नाव घेत नसेल तर दुरुस्तीचा नाद सोडा, जे वाचता येतंय ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. आणि कार्डांवरून पुन्हा उतरवा. म्हणूनच सुरुवातीला कार्डांचं बोलले.

पुढे काय करायचं? क्लस्टर फाइल सिस्टिम, म्हणजे अनेक मशीननी एकाच डिस्कवर लिहिण्यासाठीच बनवलेली, हे याचं पुस्तकी उत्तर आहे आणि खाली त्यावर बरंच लिहिलंय. पण तुमच्या स्टुडिओला त्याची गरज नाही, असं माझं मत. तुमच्या नॅसमध्येच एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटायची सोय, असणार. लन काढून टाका, त्याच जागेवर एनएफएसचं शेअर तयार करा आणि दोन्ही मशीनवर ते माउंट करा. मग फाइल सिस्टिम एकच उरते, ती नॅसच्या पोटात, आणि दोन्ही मशीन तिच्याकडे फाइल मागतात. तलाठी एकच, खिडक्या दोन.

एनएफएस हळू पडेल म्हणून आयस्कझी घेतलं, असं तुम्ही लिहिलंय. फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यूचा २५ फ्रेमचा एक प्रवाह सेकंदाला साधारण ७३७ मेगाबिट घेतो, म्हणजे ९२ मेगाबाइट. दहा गिगाबिटच्या तारेत असे दहा प्रवाह जातात. तार भरण्याच्या कितीतरी आधी तुमच्या फिरत्या डिस्कांनाच धाप लागेल, आणि ती एनएफएस असो की आयस्कझी, सारखीच लागेल.

प्रश्न : मी नाशिकच्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात आहे. आमच्याकडे दोन सर्व्हरचं क्लस्टर आहे, स्टोरेज अ‍ॅरेवरची ८ टीबीची लन दोघांना जोडलेली आणि तिच्यावर जीएफएस२ ही क्लस्टर फाइल सिस्टिम. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा दोन्ही नोडवरून, म्हणजे सर्व्हरवरून, लिहिल्या जातात; सॉफ्टवेअरची तशी अटच आहे. ज्यांनी हे बसवून दिलं त्यांनी स्टोनिथ बंद ठेवलंय. "ते चालू केलं की सर्व्हर आपोआप रीबूट होतात, पेशंटचं काम खोळंबतं," असं त्यांचं म्हणणं. सहा महिने काही त्रास नाही. ताई, तसंच चालू ठेवू का?

उत्तर : नको. या महिन्यातलं हे एकच पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही.

स्टोनिथ म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड'. नाव ज्याने ठेवलं त्याला बारशाची घुगरी देऊ नये, पण अर्थ चोख आहे. त्यालाच सभ्य भाषेत फेन्सिंग म्हणतात. तुमच्या दोन नोडमधलं बोलणं तुटलं की उरलेल्याने दुसऱ्याची वीज तोडायची आणि ती तुटल्याची पावती मिळाल्यावरच पुढे काम करायचं.

इतकी टोकाची भूमिका का, ते सातबाऱ्यावरूनच सांगते. जीएफएस२मध्ये तलाठी दोन असतात, पण झेरॉक्स नसते. कुठलंही पान हातात घेण्याआधी लॉक मॅनेजरकडून त्या पानाचं कुलूप मागावं लागतं आणि दुसऱ्याला हवं असेल तर आपलं लिहून, मूळ दप्तरात उतरवून, कुलूप सोडावं लागतं. शिवाय प्रत्येक तलाठ्याची स्वतःची फेरफार वही असते. ती म्हणजे जर्नल. बदल आधी तिथे नोंदवायचा, मग सातबाऱ्यावर आणायचा. एक तलाठी कामातच कोसळला, तर दुसरा त्याची फेरफार वही उघडतो, अर्धवट नोंदी पुऱ्या करतो आणि त्याच्याकडची कुलपं मोकळी करतो. सुंदर व्यवस्था आहे. फक्त एक अट: पहिला खरोखर कोसळलेला पाहिजे. तो नुसता भिंतीपलीकडे असेल, आवाज येत नसेल, पण तिकडे बसून लिहीतच असेल, तर आता दोघं एकाच वहीत लिहितायत आणि कुलपांना काही अर्थ उरला नाही.

म्हणूनच पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला डीएलएमचा (त्या लॉक मॅनेजरचा) रिसोर्स स्टोनिथ बंद दिसलं की सुरू व्हायलाच नकार देतो. तुमच्याकडे तो सुरू आहे, याचा अर्थ बसवणाऱ्याने स्टोनिथ तर बंद केलंच, वर 'अलाऊ स्टोनिथ डिसेबल्ड' ही दुसरी कडीही शोधून काढून उघडली. अजाणता झालेलं नाही हे.

आता माझं पाप सांगते. २००९ सालची गोष्ट, त्या कंपनीचं नाव घेत नाही. दोन नोड, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५, जीएफएस (जीएफएस२ची आधीची आवृत्ती). फेन्सिंगसाठी लागणारी मॅनेजमेंट कार्डं खरेदीच्या फायलीत अडकली होती, म्हणून मी तात्पुरतं 'मॅन्युअल फेन्सिंग' लावलं. तेव्हा ते मिळायचं. नोड गेला की क्लस्टर गप्प उभं राहायचं; मग माणसाने जाऊन मेलेला नोड हाताने बंद करायचा आणि कमांड देऊन कळवायचं की बंद केलाय. ती कमांड स्क्रीनवर बजावून विचारायची: मशीन बंद केल्याची खात्री करा, नाहीतर फाइल सिस्टिम नासू शकते. पुढे जायचं का, वाय की एन?

गणपतीतला शनिवार होता. रात्री साडेअकराला डेटा सेंटरमधून फोन. नव्या मुलाची रात्रपाळी. "ताई, दोन नंबरचा नोड गेला, सगळं अडकलंय." मी विचारलं, "बंद आहे ना मशीन?" तो म्हणाला, "हो, पिंग येत नाही." मागे आरतीची झांज चालू होती आणि मी, जिला हे दुसऱ्याला शिकवायचे पैसे मिळायचे, म्हटलं, "मग दाब वाय."

पिंग येत नव्हतं, कारण नेटवर्क स्विचचा एक पोर्ट मेला होता. मशीन जिवंत होतं. स्टोरेजची फायबरची तार वेगळी, ती शाबूत. दोन नंबरचा नोड बोलू शकत नव्हता पण लिहू शकत होता आणि मेमरीत साचलेलं निमूट डिस्कवर ओतत होता. एक नंबरने त्याचं जर्नल उघडलं. पुढची चाळीस मिनिटं सगळं छान चाललं, मुलाने थँक्यूचा मेसेजही केला. मग फाइल सिस्टिमने स्वतःहून अंग काढून घेतलं.

तपासणी शनिवारी रात्री सुरू केली ती सोमवारी दुपारी संपली. लॉस्ट अँड फाउंडमध्ये हजारो फायली, नावं म्हणजे नुसते आकडे. त्या उघडून, हे बिल, हे पत्र, हा अर्धाच कागद, असं ओळखत आम्ही तिघं आठवडाभर बसलो. कुणीतरी मोदकांचा डबा आणून ठेवला होता. त्या मुलाला कुणी काही बोलू नये म्हणून मी साहेबांना सांगितलं की वाय मी दाबायला लावलं. खरंच होतं ते.

तर तुमच्याकडे बघू. सर्व्हरच्या मागे आयपीएमआयचा, म्हणजे दुरून सर्व्हरची वीज चालू-बंद करायचा, वेगळा पोर्ट असतो, प्रत्येक कंपनी त्याला आपलं नाव देते. फेन्सिंगचं पहिलं हत्यार तेच. पण त्यात दोन खड्डे आहेत. क्लस्टरची तार आणि आयपीएमआयची तार एकाच स्विचमध्ये असेल, तर स्विच गेला की बोलणंही तुटतं आणि गोळी झाडायचा रस्ताही. दुसरा खड्डा: आयपीएमआय त्याच सर्व्हरच्या विजेवर जगतं. नोडचा प्लगच निघाला तर आयपीएमआयही गेलं, पावती येत नाही, आणि पावती नाही म्हणून उरलेला नोड जीएफएस२ला हातही लावत नाही. म्हणून दुसरं हत्यार हवं. रॅकमधलं नेटवर्कवरून चालणारं वीज-पट्टीचं युनिट असेल तर उत्तम. नसेल तर तुमचा अ‍ॅरे स्कझी-३ची पर्सिस्टंट रिझर्व्हेशन देतो का ते बघा. त्यात वीज तोडायची नाही, अ‍ॅरेलाच सांगायचं की या नोडची किल्ली रद्द, त्याचं लिहिणं घेऊ नकोस.

दोन नोडचा आणखी एक खास तमाशा असतो. मधली तार तुटली की दोघांनाही वाटतं समोरचा मेला, दोघं एकाच क्षणी गोळी झाडतात आणि दोघंही आडवे होतात. एकाच्या फेन्सिंगला दहा सेकंदांचा उशीर द्या, म्हणजे कोण जगणार हे आधीच ठरलेलं असेल. जमल्यास तिसरं मत आणा. त्यासाठी तिसरा मोठा सर्व्हर लागत नाही. क्यू-डिव्हाइस नावाची सोय कुठल्याही साध्या मशीनवर चालते. फक्त ते मशीन त्या दोघांच्या रॅकमध्ये नको.

मतसंख्या (कोरम, म्हणजे नोडांचं बहुमत) तुटल्यावर काय करायचं, याची पेसमेकरची सेटिंग 'फ्रीझ' करा. मुळात ती 'स्टॉप' असते. जीएफएस२ला नीट अनमाउंट व्हायलाही मतसंख्या लागते, त्यामुळे 'स्टॉप'वर ठेवलं तर थांबताही येत नाही आणि शेवटी सगळेच नोड फेन्स होतात. आणि सर्व्हरच्या पॉवर बटणाला लिनक्सने सभ्यपणे शटडाउन सुरू करू नये, अशी सेटिंग करा. फेन्सिंगमध्ये सभ्यपणा नको, वीज तात्काळ गेली पाहिजे.

आता बसवणाऱ्यांचं "आपोआप रीबूट होतात" हे वाक्य. निरोगी क्लस्टरमध्ये फेन्सिंग सहसा होत नाही. चालू केल्या केल्या नोड पडत असतील तर दोघांमधली तार किंवा स्विच आजारी आहे. म्हणजे त्यांनी ताप तसाच ठेवून थर्मामीटर फोडलाय.

तपासून घ्याल तेव्हा ओपीडी नसलेल्या दिवशी, प्रतिमांचा बॅकअप हातात ठेवून, तीन गोष्टी करा. एकदा क्लस्टरची नेटवर्क केबल उपटा. एकदा सर्व्हरच्या दोन्ही पॉवर कॉर्ड काढा. एकदा कर्नलला मुद्दाम पॅनिक करा. तिन्ही वेळा घड्याळ लावून बघा, उरलेल्या नोडवर प्रतिमा उघडायला किती सेकंद गेले. त्या सेकंदांत सगळं थिजल्यासारखं दिसेल, माऊस फिरेल पण फाइल उघडणार नाही. ते थिजणं बरोबर आहे. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

आणि बसवणाऱ्यांना त्या दिवशी समोर बसवा. चहा तुमचा.

प्रश्न : स्टोरेजच्या नेटवर्कवर जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पाकिटं) चालू केल्या. आयस्कझी टार्गेट (डिस्क देणारी बाजू) सापडतं, लॉगइन होतं, डिस्क दिसते. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं लटकतं. छोट्या फायली जातात. (रत्नागिरी)

उत्तर : मधला एक पोर्ट नेहमीच्या १५०० बाइटवर राहिलाय. लॉगइनची पाकिटं छोटी, ती कुठूनही जातात. ९००० चं पाकीट त्या पोर्टला मुकाट्याने गिळलं जातं. पिंगला 'तुकडे करू नको' सांगून ८९७२ बाइटचं पाकीट पाठवा. ९००० तून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. सर्व्हर ते स्टोरेज आणि उलटही करा, दोन्ही मार्गांवर. सापडलं नाही तर सरळ सगळीकडे १५०० करा. फरक पडतो, पण एवढा नाही की त्यासाठी रविवार घालवावा.

प्रश्न : मी मस्कतमध्ये एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. आमच्याकडे रेड हॅट ८ वर चार नोडचं जीएफएस२ क्लस्टर आहे. रेड हॅट १० मध्ये जीएफएस२ मिळणार नाही, असं कळलं. ओसीएफएस२ (ओरॅकलची क्लस्टर फाइल सिस्टिम) वर जावं का?

उत्तर : बरोबर कळलं. रेझिलिएंट स्टोरेज नावाचा जो अ‍ॅड-ऑन होता, तोच रेड हॅट १० पासून बंद केलाय. कोड लिनक्स कर्नलमध्ये आहे, २००६ साली २.६.१९ मध्ये आला तेव्हापासून. पण पाठीशी कंपनी उभी नसलेली फाइल सिस्टिम चार नोडवर चालवायची तर रात्रीचा फोन तुमच्याकडेच येणार. घाई मात्र करू नका. रेड हॅट ९ ची मुदत २०३२ पर्यंत आहे, तिथवर श्वास घेता येईल.

थोडं वाईट वाटलं, खरं सांगते. नव्वदच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेलं काम, मग सिस्टिना नावाची कंपनी, २००३ च्या डिसेंबरात ती रेड हॅटने घेतली. आणि कुलपांची कल्पना त्याहून जुनी, १९८३ च्या, डेक या संगणक कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरमधली. माझे केस काळे असताना मी या फाइल सिस्टिमशी भांडायला लागले.

ओसीएफएस२ चांगली आहे. मला तिचा स्वभाव आवडतो: पेसमेकर नको, स्वतःचं छोटं क्लस्टर स्वतःच घेऊन येते. प्रत्येक नोड दर दोन सेकंदांनी त्या सामायिक डिस्कवरच हजेरी लावतो. ठरलेल्या मुदतीत, मुळात ती ६० सेकंदांची आहे, हजेरी लागली नाही तर नोड दुसऱ्याच्या गोळीची वाट बघत नाही, स्वतःच आडवा होतो. नोडची नावं होस्टनेमशी तंतोतंत जुळायला हवीत. आणि तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आतल्या ओळी टॅबने सुरू व्हाव्या लागतात. मी एकदा चार स्पेस दिल्या होत्या. डोळ्यांना काही फरक दिसत नाही आणि सर्व्हिस उठत नाही. एक अख्खी दुपार गेली. तिच्या पाठीशी ओरॅकल आहे, म्हणजे ओरॅकल लिनक्सवर जाण्याची तयारी असेल तर तो रस्ता मोकळा आहे.

पण जाण्याआधी चार दिवस एक काम करा. चारही नोडवर एकाच वेळी खरोखर कोण लिहितं, हे बघून कागदावर लिहा. बहुतेक ठिकाणी मला असं दिसलंय की लिहिणारा एकच असतो, बाकीचे वाचतात किंवा नुसते जोडलेले असतात, कारण २०१० साली कुणीतरी तसं बसवलं. तसंच निघालं तर एक्सएफएस, एका वेळी एकाच नोडवर, तो गेला की दुसऱ्यावर उचलून माउंट, आणि पुढे एनएफएस. हे १० मध्येही चालतं. फेन्सिंग त्यालाही लागतं, वरचं नाशिकचं उत्तर वाचा. चौघंही खरंच लिहीत असतील आणि डेटा वाढता असेल, तर सेफएफएस (CephFS) बघा. त्याला सामायिक लन लागतच नाही, प्रत्येक नोडच्या आपल्या डिस्का. मात्र शिकायला वेळ ठेवा, महिन्यांत मोजायचा.

जाता जाता: तुमच्या पत्रात "एका फोल्डरमध्ये दीड लाख फायली, यादी काढायला तीन मिनिटं" असंही आहे. फाइल सिस्टिम बदलून ते जाणार नाही. तपशिलासकट यादी म्हणजे दर फाइलमागे एक कुलूप, आणि चार नोड एकाच फोल्डरात लिहितात म्हणजे तेच कुलूप दिवसभर हातोहात फिरतंय. प्रत्येक नोडला त्याचं स्वतःचं फोल्डर द्या आणि माउंट करताना नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ नोंदवू नको, हा पर्याय) लावा. हे आजच करता येईल.

प्रश्न : मी परभणीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन केल्यात. एक आयस्कझी टार्गेट, दोन नोड. पहिला नोड जोडला की डिस्क दिसते. दुसरा जोडला की पहिल्याची जाते, मग पहिला परत जोडतो, मग दुसऱ्याची जाते. असं सारखं चालू आहे. दोन दिवस झाले. टार्गेटमध्ये दोघांना परवानगी दिली आहे.

उत्तर : दुसरा नोड पहिल्याची क्लोन करून बनवलास ना?

प्रत्येक आयस्कझी क्लायंटला स्वतःचं एक लांबलचक नाव असतं, आयक्यूएनने सुरू होणारं. ते ईटीसीमधल्या आयस्कझी डिरेक्टरीत इनिशिएटरनेमच्या फाइलमध्ये असतं. क्लोन केल्यावर तेही जसंच्या तसं आलं. टार्गेटला वाटतं, हा तोच गडी, मगाचं कनेक्शन तुटलं म्हणून परत आलाय. म्हणून तो जुनं सेशन बंद करून नवं देतो. पहिल्याला धक्का बसला की तो पुन्हा दार वाजवतो. टार्गेट नियमानेच वागतोय. दोघांना परवानगी दिली असं तुला वाटतंय, पण नाव एकच असल्यामुळे ती एकालाच आहे.

दुसऱ्या नोडवर आयस्कझी-आयनेम ही कमांड चालव, ती नवं नाव छापून देईल. ते त्या फाइलमध्ये टाक, आयस्कझीची सर्व्हिस रीस्टार्ट कर आणि टार्गेटवरच्या परवानगीच्या यादीत ते नाव घाल. 'कुणालाही येऊ दे' हा डेमो मोड लावून वेळ मारून नेऊ नकोस, ती सवय नोकरीतही लागते. हातासरशी मशीन-आयडीही बदल, क्लोनमध्ये तोही सारखाच असतो.

पुढे जीएफएस२ करशील तेव्हा दोन गोष्टींवर अडशील, आत्ताच सांगून ठेवते. फॉरमॅट करताना जे कुलपाच्या तक्त्याचं नाव देतोस, त्यात अपूर्णविरामाच्या आधीचा भाग हा तुझ्या क्लस्टरचं नाव असतो, अक्षरन् अक्षर तेच. चुकलं तर माउंट होणार नाही. आणि जर्नल नोडइतकी लागतात. दोन देऊन तिसरा नोड आणलास तर तो दारातच उभा राहील. घाबरू नकोस, चालू फाइल सिस्टिमवरही जर्नल वाढवता येतं. आकार सांगितला नाहीस तर एक जर्नल बरीच जागा घेऊ शकतं. लॅपटॉपवर जागा कमी असेल तर ३२ एमबीची कर.

केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) वापरत असशील तर फेन्सिंगसाठी फेन्स-व्हर्ट आहे, खरंखुरं चालतं. ते लावून झालं की एका नोडचं नेटवर्क कार्ड व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमधून काढ आणि दुसऱ्याच्या लॉगवर डोळा ठेव. कुठला नोड उरला आणि किती सेकंदांत फाइल उघडली, ते मला लिहून कळव.